पंचक्रोशीतले पाय

उज्जैनला जाणारा मराठी माणूस महाकालाचं दर्शन घेतो, भस्मारतीला जायला मिळालं तर धन्य होतो, कालभैरवाच्या तोंडाशी धरलेली दारूची बशी रिकामी होताना डोळे विस्फारून बघतो आणि पोहे-जिलेबी खाऊन इंदूरची वाट धरतो. या शहराभोवती ११८ किलोमीटरचा एक फेरा आहे आणि दरवर्षी ऐन उन्हाळ्यात हजारो माणसं तो पायी घालतात, हे त्याच्या गावीही नसतं. माझ्याही नव्हतं. नर्सची नोकरी संपल्यापासून मी आषाढी वारीच्या वाटेवर आरोग्य पथकात काम करते. इंदूरला स्थायिक झालेल्या एका डॉक्टर मित्राचा फोन आला. म्हणाला, "ताई, वारीत पाय बांधतेस ना? मग एकदा आमच्या पंचक्रोशीला ये. इथे चिखल नाही, पाऊस नाही." ते खरंच होतं. पारा बेचाळिशीला टेकलेला होता.

यात्रेची तिथी उत्तरेच्या पंचांगाप्रमाणे वैशाख वद्य दशमी ते अमावस्या. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपल्या कालनिर्णयात तेव्हा अजून चैत्रच चालू असतो. महाकाल मध्यभागी, आणि त्याच्या चार दिशांना चार द्वारपाल: पूर्वेला पिंगलेश्वर, दक्षिणेला करोहनचा कायावरोहणेश्वर, पश्चिमेला अंबोदियाचा बिल्वकेश्वर, उत्तरेला जैथलचा दर्दुरेश्वर. उज्जैनच्या चौऱ्यांशी महादेवांतले हे शेवटचे चार. या चौघांना भेटून पुन्हा शहरात यायचं, म्हणजे पंचक्रोशी. नाव पाच कोसांचं असलं तरी चालणं त्याच्या कितीतरी पट आहे.

यात्रा सुरू होते जुन्या शहरात, पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराच्या देवळातून. महाकालाच्या वरच्या मजल्यावर नागपंचमीलाच उघडणारा नागचंद्रेश्वर तो वेगळा. इथे नारळ वाहून देवाकडून 'बल' घ्यायचं, म्हणजे चालायची ताकद उसनी मागायची. परत आल्यावर मातीचा घोडा वाहून ती फेडायची. व्यवहार चोख आहे. देवाचं काही अंगावर ठेवायचं नाही, ही शेतकऱ्याची रीत. त्या अरुंद गल्लीत पहाटे उभं राहिलं की समोरून नुसती गाठोडी येताना दिसतात. प्रत्येकाच्या डोक्यावर एक गाठोडं: कणीक, डाळ, एक तवा किंवा पातेली, पांघरूण, आणि बायकांच्या गाठोड्यावर उलटी ठेवलेली बादली.

या गल्ल्यांतून चालताना आपली माणसं पावलोपावली भेटतात, फक्त ती दोन-तीनशे वर्षांपूर्वीची. आजचं महाकाल मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पुन्हा उभं केलं. बाजारातलं गोपाळ मंदिर दौलतराव शिंद्यांच्या बायजाबाईंनी बांधलं. १८१० मध्ये दौलतरावांनी बिऱ्हाड ग्वाल्हेरच्या 'लष्कर' भागात हलवलं. तोवर शिंद्यांची राजधानी हीच. इथला सिंहस्थसुद्धा राणोजींनी नाशिकचे साधू बोलावून सुरू केला, असं सांगतात. त्यामुळे मराठी बाईला इथे परकं वाटायचं कारण नाही, असं मी समजत होते. पण बाजार ओलांडून खेड्यांच्या वाटेला लागलं की शिंदेशाही मागे राहते आणि समोर माळवी बोलणारा माळवा येतो. तिथे मी पूर्ण परदेशी होते.

आमच्या चमूत मित्र डॉक्टर, एक निवृत्त कंपाउंडर ज्यांना सगळे काका म्हणत, फार्मसीची दोन मुलं आणि मी. एक टेम्पो, दोन खाटा, सलाइनचे स्टँड, आणि पायांसाठी लागणाऱ्या सामानाच्या पेट्या. सरकारी आरोग्य खात्याची शिबिरं प्रत्येक पडावावर असतातच. आम्ही त्यांना पूरक, म्हणजे मधल्या वाटेवरचे.

पहिला धक्का वेळापत्रकाने दिला. यात्रा सुरू व्हायचा दिवस ठरलेला होता आणि आम्ही त्या दिवशी पहाटे पिंगलेश्वरला तंबू ठोकणार होतो. आदल्या संध्याकाळी पोचलो तर देवळाभोवतीच्या आंब्यांखाली पाय ठेवायला जागा नव्हती. काका हसले. म्हणाले, "हे दरवर्षीचं. गर्दी टाळायला लोक एक दिवस आधी निघतात, आणि सगळेच एक दिवस आधी निघतात." प्रशासन तिथीवर चालतं आणि यात्रेकरू सोयीवर, त्यामुळे पहिल्या पडावावर पाणी, औषध, दिवे सगळं माणसांच्या मागून येतं. परगावच्या स्वयंसेवकाने पहिली गोष्ट शिकावी ती ही: छापील कार्यक्रम खिशात ठेवावा आणि गावातल्या म्हाताऱ्याला विचारावं.

दुसरी गोष्ट डोळ्यांत भरली ती म्हणजे इथे पालखी नाही. दिंड्यांचे क्रमांक नाहीत, चोपदार नाही, विणेकरी नाही, सामानाचा ट्रक नाही. पंढरीच्या वाटेवर एखादी म्हातारी मागे पडली तर तिची दिंडी तिला शोधते. इथे घरातली चार माणसं, गल्लीतल्या सहा बायका, किंवा नुसती मायलेक एवढीच तुकडी. भजनं म्हणतात, पण आपापली. हरवलेलं माणूस शोधायला भोंगा, आणि त्यावरून अखंड चालणारी नावं. म्हणून आम्ही तपासलेल्या प्रत्येक वयस्क माणसाच्या पदराला किंवा खिशाला एक चिठ्ठी पिन करायचो: नाव, गाव, बरोबर कोण, कोणती गोळी चालू. फार्मसीच्या मुलांना सुरुवातीला हा कारकुनी उद्योग वाटला. पुढे ती चिठ्ठीच सर्वांत उपयोगी औषध ठरली.

ही माणसं कोण? बहुतेक माळव्याच्या खेड्यांतले शेतकरी आणि शेतमजूर, त्यात बायका पुष्कळ. माळव्याची काळी जमीन गहू आणि सोयाबीन या दोन पिकांवर चालते. गहू काढून मंडीत गेलेला असतो, सोयाबीनची पेरणी पावसाला होणार असते. मधल्या या रिकाम्या दिवसांत हातात थोडे पैसे आणि शेतात काम नाही. उन्हाचा हा कडाका यात्रेसाठी का निवडला, असं मला आधी वाटलं होतं. शेतातली गव्हाची धसकटं बघितल्यावर उत्तर मिळालं. शेतकऱ्याला दुसरी सवडच नाही.

आमचा दिवस रात्री अडीचला सुरू व्हायचा. ऊन टाळण्यासाठी लोक तीन वाजताच चालू लागतात, म्हणून आम्हालाही त्यांच्या आधी वाटेवर जाऊन बसावं लागे. टेम्पोच्या दिव्यात टेबल लावायचं, वीस लिटरच्या जारमध्ये ओआरएस कालवायचं. पुड्या वाटत नसू. एक पुडी साडेवीस ग्रॅमची, एक लिटर पाण्यासाठी. पण हातात पुडी दिली की ती एका पेल्यात जाते, आणि इतकं दाट पाणी पोटात गेलं तर फायद्याऐवजी अपाय. म्हणून वीस पुड्या, वीस लिटर, आणि वरून वाटी. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच केलं होतं. सलाइन संपलं तेव्हा मीठ-साखरेचं पाणी ड्रममधून नातेवाइकांच्या हाती दिलं आणि पटकीने मरणाऱ्यांचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चाराच्या खाली आलं. तेव्हाही पाणी मापात कालवलेलंच दिलं जात होतं, हे मुलांना सांगितल्यावर त्यांचा पुड्या वाटण्याचा उत्साह ओसरला.

सहा ते दहा ही खरी पायांची वेळ. यात्रेकरू समोर बसतो, पाय पुढे करतो आणि तोंड दुसरीकडे फिरवतो. पाय दुसऱ्या बाईच्या हातात देणं त्याला अवघड वाटतं. "म्हारा पग बळे, बई," एवढं म्हणाला की पुढचं सगळं पायच सांगतो. टाचेला किंवा चवड्याला सुपारीएवढा फोड, त्यावर धूळ, पुष्कळदा मेंदीचा थर; मेंदीने तळवा थंड राहतो हा इथला घरोघरचा उपाय. आधी साबणाच्या पाण्याने पाय धुवायचा. सुई निर्जंतुक करायची, फोडाच्या कडेला अगदी खाली दोन ठिकाणी टोचायचं, पाणी गॉजवर हलकेच टिपून घ्यायचं. वरची कातडी काढायची नाही. ती कातडीच सर्वांत चांगली पट्टी. ती सोलून काढणारे उत्साही स्वयंसेवक वारीतही भेटतात आणि इथेही भेटले. मग मलम, गॉज, आणि चिकटपट्टी अशी लावायची की तिला घडी पडणार नाही. घडी पडली की तासाभरात तिथेच नवा फोड. एका पायाला दहा मिनिटं. रांगेत पन्नास माणसं असतात तेव्हा दहा मिनिटं फार वाटतात, पण पाच मिनिटांत बांधलेला पाय पुढच्या पडावावर परत येतो.

पिंगलेश्वर ते करोहन हा तेवीस किलोमीटरचा टप्पा. मध्ये त्रिवेणीला शनिमंदिरापाशी उपपडाव आहे. इथे क्षिप्रेला खान नदी मिळते. इंदूर देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून वर्षानुवर्षं पहिला नंबर मिळवतं आणि त्याचं सांडपाणी वाहून आणणारी ही नदी उज्जैनच्या वेशीवर येते, हा माळव्याचा जुना सल आहे. क्षिप्रेत स्वतःचं पाणी उन्हाळ्यात फारसं उरत नाही. २०१४ पासून नर्मदेचं पाणी सुमारे साडेतीनशे मीटर उचलून तिच्या उगमापाशी सोडतात. म्हणजे भाविक क्षिप्रेत उतरतो तेव्हा पुष्कळदा नर्मदेत न्हात असतो. या पाण्यात प्रतिजैविकांचे अंश किती आणि औषधाला दाद न देणारे जंतू किती, याचा अभ्यास उज्जैनच्या आर. डी. गार्डी मेडिकल कॉलेजने स्वीडनच्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटबरोबर केला आहे. स्टॉकहोमच्या संशोधकांना उज्जैनच्या नदीत एवढं काय दिसतं, असा प्रश्न एका पोराने विचारला. डॉक्टर म्हणाले, "एकाच घाटावर एवढी माणसं एका दिवसात पाण्यात उतरतात, असा प्रयोग त्यांना घरी करता येत नाही."

आमची काळजी साधी होती: टँकरचं पाणी. माझ्या पिशवीत ओटी टेस्टची बाटली होती. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला ही टेस्ट पाठ असते. परीक्षानळीत पाणी, त्यात थेंब टाकले की पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. त्रिवेणीच्या टँकरला पिवळा आला, पुढच्या एका गावच्या हौदाला आला नाही. पंचायतीचा माणूस रागावला नाही. उलट तीच बाटली मागून घेऊन गावच्या दुसऱ्या हौदावर गेला आणि येताना टीसीएल पावडरने माखलेले हात धूत आला. बाहेरून आलेल्या माणसाने चूक दाखवली की समोरचा बिथरतो, असा माझा अनुभव. बाटली त्याच्या हातात दिली की बिथरत नाही, हा नवा.

करोहनच्या अलीकडे दुपारी साडेअकराला रस्त्यावर सावली उरली नव्हती. माळव्याच्या पठारावर रात्री गार वाऱ्याच्या असतात, पण दिवसा काळी माती तापली की ऊन खालून आणि वरून दोन्हीकडून लागतं. ऊन लागलेली माणसं इथेच सापडली, पडावावर नाही. पडावावर पोचणारा पोचलेला असतो. कोसळणारा मध्येच कोसळतो. एक साठीची बाई बाभळीखाली बसलेली, नात तिला पदराने वारा घालत होती. बाई स्वतःच्या गावाचं नाव चुकीचं सांगत होती आणि तिच्या कपाळाला घाम नव्हता. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की थर्मामीटरची वाट बघायची नसते. जारचं पाणी अंगावर ओतलं, ओली चादर गुंडाळली, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या, दोन्ही मुलं पुठ्ठ्याने वारा घालायला. तोंडातून काही द्यायचं नाही. काकांनी एकशे आठला फोन लावला. गाडी येईपर्यंत बाईला घाम फुटला आणि तिने नातीला नावाने हाक मारून शिवी दिली. डॉक्टर म्हणाले, "आता जगेल." पण तिला उज्जैनच्या रुग्णालयात जावंच लागलं, आणि जाताना ती आमच्यावर चिडलेली होती. यात्रा मोडली होती.

करोहनलाच एक म्हातारबा भेटला. तक्रार एवढीच की चप्पल सैल झाली आहे. पाय धुतला तर टाचेत बाभळीचा काटा अर्धा मोडून बसलेला, भोवती सगळं लाल. त्याला पत्ता नाही. रक्तातली साखर तीनशेच्या वर. मधुमेहात पायांची जाणीव जाते आणि मग दुखत नाही, हेच दुखणं होतं. गोळ्या घरी. यात्रेत देव बघतो, गोळ्या कशाला, असं त्याने स्वतःच ठरवलेलं. डॉक्टरांनी ट्रॅक्टरवर बसून परत जायला सांगितलं. म्हातारबाने शांतपणे मान हलवली: बल घेतलं आहे, फेडायला चालतच जायला हवं. यावर वैद्यकशास्त्रात उत्तर नाही. मग तडजोड झाली. बरोबरच्या पुतण्याचे कॅनव्हासचे बूट आणि मोजे घालायचे, दहाच्या आधी सावलीला बसायचं, आणि वाटेवरच्या प्रत्येक शिबिरात तो पाय दाखवायचा. चिठ्ठीवर लाल पेनने लिहिलं. वारीत मी अशा माणसाला बळजबरीने ॲम्ब्युलन्समध्ये बसवलं असतं, कारण तिथे मी घरची. परमुलखात जबरदस्ती चालत नाही, आणि मला वाटतं ते बरंच आहे.

दुपारी बारा ते चार काम थांबतं. ही वेळ स्वयंपाकाची. शेतात कंड्यांचे, म्हणजे गोवऱ्यांचे ढीग पेटतात, त्यात कणकेचे गोळे टाकून बाटी भाजतात. राखेतून काढून फडक्यात झटकायची, तुपात बुडवायची, डाळीबरोबर खायची. आम्ही कधी शिजवलं नाही. कुणी ना कुणी हाक मारून बसवायचं. चार वाजता रांग लागली की त्यात बोटं पोळलेल्या बायका आणि धुराने डोळे लाल झालेली पोरं. यात्रेतल्या दुखण्यांचीही वेळ ठरलेली: पहाटे मुरगळ, सकाळी फोड, दुपारी ऊन, संध्याकाळी बाटी. आणि रात्री 'जी घबरावे' ही एकच तक्रार, जिच्यामागे उपास, रिकामं पोट, चुकलेली रक्तदाबाची गोळी किंवा खरंच हृदयाचा झटका, काहीही असू शकतं. तेव्हा नाडी, रक्तदाब, साखर हे सगळं बघितल्याशिवाय कुणाला पाठवायचं नाही, हा डॉक्टरांचा नियम होता आणि तो त्यांनी झोपेतून उठूनही पाळला.

नळव्याच्या उपपडावावर एक आशा दीदी, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती, आमच्या टेबलाशी येऊन बसली. ड्युटी लागली होती म्हणून आली, पण त्याआधी सकाळी गावात एका सात दिवसांच्या बाळाकडे जाऊन आली होती. तिने पिशवी उघडून दाखवली: झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, सेकंद दाखवणारं घड्याळ. बाळाचा श्वास मिनिटभर मोजायचा, ताप बघायचा, वजन करायचं, दूध ओढतं का ते विचारायचं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. सहा भेटी झाल्या की अडीचशे रुपये. हिशेब तिने तोंडपाठ सांगितला, तक्रारीच्या सुरात नाही.

तिला मी विचारलं, ही पद्धत कुठली माहीत आहे का? भोपाळची, ती म्हणाली. पण ही पद्धत गडचिरोलीची आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 'सर्च'तर्फे तिथल्या खेड्यांत बायकांना नवजात बाळ घरीच तपासायला शिकवलं, नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले, आणि तो अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्याच्याही आधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी अशिक्षित बायकांना गावच्या आरोग्यसेविका केलं होतं. २००५ मध्ये आशा नेमायचं ठरलं तेव्हा हा सगळा अनुभव पाठीशी होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये देशातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. कागदोपत्री मात्र आशा अजून 'स्वयंसेविका'च आहे, नोकर नाही.

हा शब्द मला तिथे बोचला. स्वयंसेविका मीही. पण मी पेन्शनवर आलेली, मनात आलं तर परवा घरी जाणारी. ती रोज इथलीच. माझं काम दिसतं, फोटोत येतं. तिचं सकाळचं बाळ कुणाच्या फोटोत नाही. आणि आमच्या शिबिरात सर्वांत जास्त उपयोग तिचाच झाला, कारण कोणत्या बाईला दिवस गेलेत आणि ती लाजून सांगत नाही, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. अशा दोघींना तिने चालणं सोडून घरी पाठवलं. माझं त्यांनी ऐकलं नसतं.

अंबोदिया गंभीर नदीच्या धरणाजवळ. उज्जैनला पिण्याचं पाणी इथून मिळतं. बिल्वकेश्वराचं दर्शन उरकून लोक धरणाच्या वाऱ्याला पथाऱ्या टाकतात. याच गावात सुधीरभाई गोयल यांनी १९८९ मध्ये सुरू केलेला सेवाधाम आश्रम आहे, निराधार, अपंग आणि मनोरुग्ण माणसांसाठी. बाबा आमट्यांपासून त्यांनी प्रेरणा घेतली, त्यामुळे इथे मराठी बाई म्हटलं की आनंदवनाचा विषय निघतोच. म्हातारबाने ठरल्याप्रमाणे इथे पाय दाखवला. काट्याची जखम कोरडी होती. बूट त्याला चावत होते, पण पुतण्याच्या धाकाने घातलेले होते.

पुढे कालियादेह. क्षिप्रेच्या प्रवाहात माळव्याच्या सुलतानांनी पंधराव्या शतकात बांधलेला महाल, पाणी खेळवणारी बावन्न कुंडं. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत तो उद्ध्वस्त झाला, १९२० मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त केला, आणि आज पुन्हा पडझडीला लागला आहे. वास्तू म्हणून तो सुंदर आहेच. पण काकांनी सांगितलं ते जास्त लक्षात राहिलं. आदल्या महिन्याच्या अमावस्येला, तिला इथे भूतडी अमावस्या म्हणतात, अंगात आलेल्या, 'बाधा' झालेल्या माणसांना दूरदूरच्या गावांहून आणून या कुंडांत बुडी मारायला लावतात. त्यातल्या किती जणांना मिरगी असते, किती जणींना बाळंतपणानंतरचा आजार, हे कुंडाला कळत नाही. फेफऱ्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. कुंडाच्या पायरीवर त्या दिवशी मनोविकारांचा एक डॉक्टर बसवायला काय हरकत आहे, असं मी म्हणाले. काका म्हणाले, "बसवा, पण ॲप्रन काढून बसवा."

जैथल आणि उंडासा हे टप्पे झपाट्याने गेले. एकतर चालणारे सरावलेले असतात, आणि ज्यांचं निभणार नव्हतं ते मागेच गळालेले असतात. उंडाशाच्या तलावाकाठी शेवटची रांग तपासली. म्हातारबा आला तेव्हा बूट गळ्यात बांधलेले होते आणि पाय अनवाणी. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पाय तपासला, नवीन काही नव्हतं. बोलणी बसली, ती त्याने हसून ऐकली आणि क्षिप्रेच्या घाटाकडे निघाला. तिथून पटनी बाजार. तिथे कुंभार घोड्यांच्या राशी मांडून बसले होते, आणि देवळाच्या दाराशी उसनं फेडणाऱ्यांची रांग लागली होती.

नाशिकचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, उज्जैनचा २०२८ मध्ये. तेव्हा स्वयंसेवकांची भरती निघेल, टी-शर्ट मिळतील, आणि कोट्यवधींच्या गर्दीत कुणाला नेमकं काय करायचं ते सुचणार नाही. २०१६ च्या सिंहस्थात ५ मे रोजी वादळाने मंडप कोसळून माणसं गेली, तेव्हाची धावपळ डॉक्टरांनी पाहिलेली आहे. म्हणून ज्यांना तिथे काम करायचं आहे त्यांनी आधी पंचक्रोशीत यावं. शिबिरं पडावांवर पुरेशी आहेत. कमी आहेत ती मधल्या वाटेवर, विशेषतः त्रिवेणी ते करोहन, सकाळी दहा ते बारा. आपल्या पंचांगात चैत्र वद्य दशमी शोधा आणि दोन दिवस आधी पोचा, कारण यात्रा एक दिवस आधी निघते. येताना ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, गॉज, ओटी टेस्टची बाटली आणा. गोळ्यांचे खोके आणू नका, ते तिथे आहेत. आणि पोचल्यावर सगळ्यात आधी गावच्या आशा दीदीला भेटा.